बॉयलर ड्रमच्या मॉडेलला काटे, दिवे आणि नॉब जोडतोय : अनुभव सांगा

कृष्णाकाठ · १४ मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. हंगाम संपला, बॉयलर थंड झाले, ओव्हरहॉलिंग चालू आहे. दरवर्षी या दिवसांत नव्याने लागलेल्या पोरांना बॉयलरचं पॅनेल शिकवायचं काम माझ्याकडे येतं. अडचण दरवर्षी तीच. शिकवायला सवड असते तेव्हा बॉयलर बंद असतो, आणि बॉयलर चालू झाला की शिकवायला कुणालाच सवड नसते.

म्हणून गेले दोन महिने रात्री बसून सिम्युलिंकमध्ये (मॅटलॅबमधलं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) ड्रम लेव्हलचं, म्हणजे बॉयलरच्या वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीचं, मॉडेल उभं केलं. तासाला ४० टन वाफेचा बॉयलर, ४५ केजी प्रेशर, फीड वॉटरचा (आत येणाऱ्या पाण्याचा) कंट्रोल व्हॉल्व्ह, थ्री एलिमेंट कंट्रोल, म्हणजे पातळी, वाफ आणि फीड तिन्ही बघून पाणी सोडणं. आकडे ताळ्यावर आले, आलेख पुस्तकात असतात तसे दिसायला लागले. गेल्या आठवड्यात तीन पोरांना आणि आमच्या एका जुन्या अटेंडंट मामांना दाखवलं. पोरं माना डोलवत होती. मामा स्क्रीनजवळ वाकले, निळी-पिवळी रेघ नीट बघितली आणि म्हणाले, "साहेब, ह्यात पाणी कुठं दिसतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते तीस वर्षं गेज ग्लास (ड्रममधलं पाणी दाखवणारी काच) आणि काटे बघत आलेत. आलेख त्यांच्या कामाचा नाही, तो माझ्या कामाचा आहे.

आता मॉडेलला खऱ्या पॅनेलसारखा चेहरा द्यायचा आहे. सिम्युलिंकमध्ये २०१५ पासून डॅशबोर्ड नावाची लायब्ररी आहे. तिच्यात गोल गेज, अर्धा गेज, उभी पट्टी, दिवा, नॉब, स्लायडर, टॉगल स्विच असं सगळं मिळतं. या ब्लॉकना तारा जोडायला पोर्ट नसतात. गेज निवडायचा, हवा तो सिग्नल दाखवायचा, जोडून टाकायचा. तासाभरात ड्रम लेव्हल, स्टीम प्रेशर, स्टीम फ्लो आणि फीड फ्लो असे चार काटे आणि मिलच्या लोडसाठी एक नॉब बसवला. पण तीन गोष्टींत अडलोय.

काटा नुसता पळतोय. दहा मिनिटांचं सिम्युलेशन दोन सेकंदांत संपतं, काटा थरथरतो आणि थांबतो. दुसरं, नॉब फिरवून बघितलं आणि मॉडेल सेव्ह केलं, की दुसऱ्या दिवशी मॉडेल त्याच फिरवलेल्या किमतीपासून सुरू होतं. आणि तिसरं जरा विचित्र आहे. सगळं बरोबर दाखवतंय, तरी बघताना खोटं वाटतं. ते नेमकं काय, मला पकडता येत नाही.

विश्रामबाग_लॅब · १४ मे, रात्री १०.४५

मी सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांना कंट्रोल सिस्टिम शिकवते, तुमच्या पहिल्या दोन अडचणी आमच्या लॅबमध्ये दरवर्षी येतात.

काटा पळतो कारण सिम्युलेशनचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. कॉम्प्युटरला जमेल तेवढ्या वेगाने तो समीकरणं सोडवत सुटतो. रन बटणाखालच्या यादीत सिम्युलेशन पेसिंग आहे. ते चालू करा आणि मॉडेलचा एक सेकंद म्हणजे खरा एक सेकंद असं ठरवून द्या. स्टॉप टाइम इन्फ (अनंत) लिहा, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत चालत राहील. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, फिक्स्ड स्टेप (ठरावीक पावलाचा) ठेवा. व्हेरिएबल स्टेपमध्ये सगळं शांत असलं की सॉल्व्हर मोठ्या ढांगा टाकतो आणि काटा मध्येच उडी मारतो. पोरांना वाटतं, काहीतरी बिघडलं.

नॉबचं असं आहे, की तो सिग्नल पाठवत नाही, तो ब्लॉकमधली किंमतच बदलतो. कॉन्स्टंट ब्लॉकला जोडला असेल तर कॉन्स्टंटमधला आकडाच खोडून नवा लिहिला जातो, म्हणून तो सेव्ह होतो. मॉडेल सुरू होताना चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये सगळ्या मूळ किमती परत भरा. दर वेळी बॉयलर त्याच शांत स्थितीतून सुरू झाला पाहिजे, नाहीतर दोन पोरांची तुलनाच करता येणार नाही.

एक सावधगिरी. सिम्युलेशन चालू असताना प्रत्येक किंमत बदलता येत नाही. गेन, कॉन्स्टंट चालतात. सॅम्पल टाइमसारख्या गोष्टी रन सुरू होतानाच गोठतात, तिथे नॉब लावून उपयोग नाही.

तिसऱ्या अडचणीबद्दल मी मॉडेल बघितल्याशिवाय बोलत नाही. फक्त एक विचारते : लेव्हलचा काटा तुम्ही नेमका कोणत्या सिग्नलला जोडलाय?

मिरजेची_लेक · १५ मे, सकाळी ८.१०

कृष्णाकाठ दादा, कारखान्यातल्या ट्रेनिंगच्या पीसीवर मॅटलॅबचं लायसन्स आहे का? नसेल तर दोन वाटा आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

सायलॅबमधला एक्सकॉस सिम्युलिंकच्या जवळ जातो. सेटअपमध्ये रिअल टाइम स्केलिंग म्हणून आकडा असतो, तिथे १ लिहिलं की मॉडेल घड्याळाबरोबर चालतं. टीके स्केल नावाचा ब्लॉक स्लायडर देतो आणि आकडा दाखवणारा ब्लॉकही आहे. काटे मात्र डॅशबोर्डइतके देखणे नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठीतूनही आहेत, पोरांना तेवढे दाखवा.

दुसरी वाट पायथनची. मी पुण्यात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ड्रमचं मॉडेल म्हणजे चार-पाच ओळींचं गणित. टीकिंटरचा कॅन्व्हास घ्या, त्यावर वर्तुळ, आकडे आणि एक रेघ म्हणजे काटा. खऱ्या प्रेशर गेजचा काटा शून्यापासून टोकापर्यंत २७० अंश फिरतो, तुम्हीही तेवढाच फिरवा. किंमत आणि कमाल किंमत यांचं गुणोत्तर काढायचं, २७० ने गुणायचं, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून मोजायला सुरुवात करायची. बस.

नवीन पोरं इथे एक चूक हमखास करतात. मॉडेलचा लूप अखंड फिरत ठेवतात आणि मध्ये स्लीप टाकतात. खिडकी गोठते, स्लायडर हलत नाही. त्याऐवजी टीकिंटरलाच सांगायचं, की ५० मिलिसेकंदांनी मला पुन्हा हाक मार. त्या हाकेत मॉडेल एक पाऊल पुढे न्यायचं आणि काटा नव्याने काढायचा. पण ५० म्हटलं की बरोबर ५० ला हाक येतेच असं नाही, कधी ५३, कधी ६०. म्हणून दर वेळी घड्याळ बघायचं, खरा किती वेळ गेला ते मोजायचं आणि तेवढीच पावलं टाकायची. हे केलं नाही तर तासाभरात तुमचा बॉयलर काही मिनिटं मागे पडतो.

कृष्णाकाठ · १५ मे, रात्री ९.५५

मॅडम, ताई, दोघींचे मनापासून आभार. पेसिंग लावलं आणि पॅनेल जिवंत झालं. लायसन्स फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे, त्यामुळे पुढे पायथनकडे जावंच लागेल.

घड्याळाबरोबर चालवल्यावर एक गोष्ट मलाच नव्याने कळली. आमच्या मॉडेलचा ड्रम १.२ मीटर व्यासाचा, ६ मीटर लांबीचा. अर्धा भरलेला असताना पाण्याचा पृष्ठभाग साधारण ७.२ चौरस मीटर. ४० टन वाफ म्हणजे मिनिटाला ६६६ किलो पाणी ड्रममधून जातं. त्या तापमानाला पाणी हलकं होतं, घनमीटरला साधारण ७८५ किलो. फीड पंप बंद पडला तर पातळी मिनिटाला जवळजवळ १२ सेंटिमीटर खाली येते. हे मी कागदावर शंभर वेळा सांगितलं असेल. पण काटा मधल्या रेघेवरून निघून तळाच्या लाल पट्ट्यात जाताना दोन मिनिटं बघत बसलो, आणि तळहाताला घाम आला.

आणि स्वेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिलवर उसाचा जाड थर आला की टर्बाइन एकदम जास्त वाफ ओढते. ड्रममधलं प्रेशर पडतं, पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात, आणि पातळी वर चढते. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी कमी होत असतं, पण काटा वर जातो. नवखा माणूस काटा वर गेलेला बघून फीडचा व्हॉल्व्ह आवळतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात बुडबुडे बसतात आणि मग पातळी धाडकन खाली येते. लोडचा नॉब ७० वरून ९० वर नेला आणि काटा आधी वर, मग खाली असा गेला, तेव्हा आमचा एक पोरगा उठून उभा राहिला. स्कोपवर (आलेखाच्या खिडकीत) हाच आकार त्याने दहा वेळा बघितला होता.

मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : लेव्हलचा काटा मी सरळ इंटिग्रेटरच्या आउटपुटला जोडलाय. म्हणजे ड्रममधल्या खऱ्या पातळीला. चुकलं का?

बॉयलर_फर्स्टक्लास · १६ मे, सकाळी ६.३०

राम राम. मी बॉयलर चालवायच्या फर्स्ट क्लास सर्टिफिकेटवाला, आता रिटायर. नातवानं हा धागा वाचून दाखवला, त्यालाच टायपायला बसवलंय.

पोरा, खरी पातळी कुणाला दिसती रे? चाळीस वर्सं बॉयलरपुढं काढली, ड्रमात डोकं घालून पाणी बघितलं ते फक्त बंद असताना. चालू बॉयलरात आम्हाला काटा दिसतो, गेज ग्लास दिसतो, आणि आवाज ऐकू येतो. तुझा काटा देवासारखा सगळं खरं सांगतोय, म्हणून तुला खोटं वाटतंय.

एका हंगामातलं सांगतो. कारखान्याचं नाव नको. रात्रपाळी, पॅनेलवर लेव्हल साठ टक्के. हळूहळू पासष्ट, सत्तर. कंट्रोलर आपला फीड बारीक करत निघालेला. पॅनेलवरचा पोरगा निवांत, त्याला वाटलं पाणी जास्त आहे म्हणून मशीन स्वतःच आवरतंय. मी वर चढलो गेज ग्लास बघायला, तर ग्लासात पाणी दिसेना. आता पाणी ग्लासाच्या वर गेलंय का खाली, ते डोळ्यानं कळत नाही, दोन्ही वेळेला ग्लास सारखीच दिसती. ड्रेन उघडून ग्लास ब्लो केली. आधी पाण्याचा कॉक बंद करून वाफेची वाट साफ केली, मग वाफेचा बंद करून पाण्याची. ड्रेन बंद केला, पाणी वर आलं नाही. पाणी खाली होतं. मी वरूनच ओरडलो, फायर मारा, आग बंद करा.

नंतर सापडलं, पातळी मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या रेफरन्स लेगला फेरूल (नळीच्या जोडातली कडी) गळत होती. माझ्यापेक्षा तुला जास्त कळंल ते कसं.

तर तुझ्या त्या खेळात ही गळती घाल. आणि गेज ग्लास वेगळी ठेव, काट्यापासून लांब. पोरानं उठून जाऊन बघितली पाहिजे.

कृष्णाकाठ · १६ मे, रात्री ११.३०

काका, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. तिसरी अडचण सुटली.

बाकीच्यांसाठी गळतीचं कारण सांगतो. ड्रम लेव्हलचा ट्रान्समीटर दोन नळ्यांमधल्या दाबाचा फरक मोजतो. एका नळीत वरच्या कंडेन्सेट पॉटपर्यंत नेहमी पाणी भरलेलं असतं, ती रेफरन्स लेग. दुसरी ड्रमच्या पाण्याला जोडलेली. ड्रम भरला की फरक कमी होतो, रिकामा झाला की वाढतो. रेफरन्स लेगमधलंच पाणी गळून कमी झालं तरी फरक कमी होतो. ट्रान्समीटरला वाटतं ड्रम भरतोय. तो काटा वर नेतो, कंट्रोलर फीड आवळतो, आणि खरी पातळी मुकाट्याने खाली जाते.

आज मॉडेलमध्ये मोठा बदल केला. इंटिग्रेटर आणि काटा यांच्यामध्ये ट्रान्समीटरचा पूर्ण ब्लॉक टाकला. खरी पातळी आत जाते, त्यातून दाबाचा फरक, त्यातून ४ ते २० मिलिअँपिअर, त्यातून टक्के. काटा आता या शेवटच्या टक्क्यांना जोडलाय. कंट्रोलरही त्यालाच. गेज ग्लास म्हणून उभी पट्टी आहे ती खऱ्या पातळीला जोडली, पण वेगळ्या पानावर, काकांनी सांगितलं तशी. त्या पट्टीत मधला तुकडाच दिसतो, त्याच्या वर किंवा खाली पाणी गेलं की पट्टी कोरी.

शिकवणाऱ्यासाठी तिसरं पान. तिथे टॉगल आहेत : रेफरन्स लेग गळती, तार तुटली, फीड व्हॉल्व्ह अडकला. तार तुटली की प्रवाह शून्य. ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य टक्के, तर ० मिलिअँपिअर म्हणजे उणे २५ टक्के. माझ्या गेजची किमान किंमत आधी शून्य होती, त्यामुळे तार तुटली काय आणि ड्रम रिकामा झाला काय, काटा एकाच जागी बसायचा. आता किमान उणे २५ ठेवली. रिकामा ड्रम शून्यावर, तुटलेली तार खिळ्यावर.

पलूस_पंप · १७ मे, दुपारी १.१५

आम्ही पंपवाले. छान चाललंय, एक भर घालतो. तुम्ही काट्यांचं केलंत ते दिव्यांचंही करा.

फीड पंप चालू असल्याचा दिवा कशाला जोडलाय? स्टार्टच्या हुकुमाला जोडला असेल तर तो दिवा फक्त एवढंच सांगतो, की बटण दाबलं. पंप फिरतोय का, दाब तयार होतोय का, पाणी पुढे जातंय का, या तीन वेगळ्या गोष्टी. आमच्या टेस्ट बेडवर मी स्वतः फसलोय. दिवा लागलेला, मोटरही फिरत होती, पण कपलिंगची पिन तुटली होती. वीस मिनिटं व्हॉल्व्ह शोधत बसलो.

जगातलं सगळ्यात महाग उदाहरण २८ मार्च १९७९ चं, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा विझला, म्हणून ऑपरेटरांना वाटलं व्हॉल्व्ह बंद झाला. तो दिवा व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या खटक्याला) वीज जाते का, तेवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ त्या व्हॉल्व्हमधून अणुभट्टीचं पाणी जात राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

मॉडेलमध्ये हे करायला फार लागत नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि पंपासाठी हुकूम आणि स्थिती असे दोन सिग्नल ठेवा, मध्ये उशीर आणि अडकण्याचा टॉगल. पॅनेलवर दोन्ही दाखवा. हुकूम ६० टक्के आणि स्थिती ३५ टक्के असा फरक पोराला स्वतःच्या डोळ्याने दिसू दे.

कराडकर · १७ मे, रात्री ८.४०

विषय थोडा वेगळा पण याच धाग्यातला, म्हणून लिहितोय. मी कराडचा, शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे पावसाळा म्हणजे कोयनेच्या बातम्या. आज इतके टीएमसी, इतका विसर्ग, दरवाजे इतके फूट उघडले. मुलं रोज ऐकतात, आकडे पाठ असतात, पण त्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. म्हणून धरणाचं अगदी साधं मॉडेल केलं : आवक वजा जावक, बाकी साठा. त्याला पॅनेल लावलं. साठ्याची उभी पट्टी १०५ टीएमसीपर्यंत, सहा वक्र दरवाजांचा एक स्लायडर, पायथा वीजगृहाच्या २,१०० क्युसेकचा स्विच, पश्चिमेकडे वीजनिर्मितीला जाणाऱ्या पाण्याचा वेगळा नॉब, आणि आवकीचा नॉब.

मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते क्युसेक आणि टीएमसीचं नातं. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसात ८६,४०० सेकंद. भागाकार केला की ११,५७४. म्हणजे तेवढे क्युसेक पाणी दिवसभर आलं की एक टीएमसी भरतो. आवक ५०,००० ला ठेवली, नुसतं पायथा वीजगृह चालू ठेवलं, बाकी सगळं बंद, तर दिवसाला चार टीएमसीहून थोडी जास्त वाढ. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, मग पंधरा दिवसांत साठ टीएमसी!" तिने स्लायडर फिरवून ताडून बघितलं.

घड्याळाचा प्रश्न माझ्याकडे उलटा होता. बॉयलरला एकास एक चालतं, धरणाला कोण बघत बसणार? मी एका सेकंदाला एक तास ठेवला. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस ४९ मिनिटांत होतात, एक तास संपायच्या आत पावसाळा संपतो.

आता माझी शंका. सांगलीच्या माझ्या भाच्याने आग्रह धरला, की सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचाही काटा लाव. ४० फुटांना पिवळा पट्टा, ४५ ला लाल. लावलाही होता, दिसायला फार छान दिसत होता. पण कोयनेच्या विसर्गावरून आयर्विनची पातळी काढणारं गणित माझ्या मॉडेलमध्ये नाही. पुलाच्या खाली मिळणाऱ्या वारणेचा फुगवटा आहे, धोम-कण्हेरचं पाणी आहे, पात्रात आधीच किती पाणी आहे ते आहे. मी अंदाजाने एक गुणक टाकला होता. ज्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं, पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी बघितलं, त्यांच्या पोरांसमोर तो काटा फिरताना मला बघवेना. काढून टाकला. बरोबर केलं का?

विश्रामबाग_लॅब · १७ मे, रात्री १०.०५

सर, अगदी बरोबर केलंत. आकडा नुसता लिहिलेला असला तर माणूस विचारतो, कुठून आला. तोच आकडा काट्याने दाखवला की कुणी विचारत नाही, कारण काट्याच्या मागे मोजणारं काहीतरी असणारच असं आपण धरून चालतो. मी माझ्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये नेहमी एक गेज निवडते आणि विचारते, हा सिग्नल मागे मागे जात कोणत्या समीकरणात पोचतो ते दाखव. दाखवता आलं नाही तर तो गेज पॅनेलवरून जातो.

भाच्यासाठी वाट हवी असेल तर पुलाच्या पातळीच्या प्रत्यक्ष नोंदी घेऊन त्या वेळेनुसार परत दाखवा आणि पट्टीवर मोठ्या अक्षरात "नोंद" असं लिहा. मग तो खोटा नाही.

कृष्णाकाठ सर, तुमच्या मॉडेलबद्दलही एक. स्वेलसाठी तुम्ही वाफेच्या फ्लोवर एक साधा ट्रान्सफर फंक्शन (इनपुटवरून आउटपुट काढणारं सूत्र) लावला असणार. शिकवायला तो पुरतो. पुढे कधी प्रेशर आणि बुडबुडे खरोखर मोजायचे झाले तर ऑस्ट्रोम आणि बेल यांनी २००० साली मांडलेलं ड्रम बॉयलरचं मॉडेल बघा. चारच अवस्था आहेत : ड्रमचं प्रेशर, एकूण पाणी, रायझरमधलं (पाणी तापत वर नेणाऱ्या नळ्यांमधलं) वाफेचं प्रमाण, आणि ड्रममध्ये पाण्याखाली असलेली वाफ. पॅनेल बदलावं लागणार नाही, फक्त मागचं मॉडेल बदला. काटे ट्रान्समीटरच्या ब्लॉकला जोडलेत ना, त्याचा हा फायदा.

मिरजेची_लेक · १८ मे, सकाळी ९.००

रंगांबद्दल कुणी बोललंच नाही. मी पहिलं पॅनेल केलं तेव्हा चालू पंप हिरवा आणि बंद पंप लाल ठेवला. ज्यांच्यासाठी केलं ते सबस्टेशनमधून आलेले होते, ते म्हणाले सगळे पंप बंद का दाखवताय? त्यांच्या पॅनेलवर ब्रेकर चालू म्हणजे लाल, बंद म्हणजे हिरवा. लाल म्हणजे तिथे वीज आहे, हात लावू नको. आपल्याला सिग्नलचा चौक आठवतो, त्यांना अंगावर येणारा करंट.

नवीन पद्धतीत, आयएसए १०१ हे पॅनेलच्या स्क्रीनचं मानक २०१५ ला आलं त्या वळणाने, पूर्ण पॅनेल करडं ठेवतात. चालू-बंद हे भरलेल्या आणि पोकळ आकृतीने दाखवतात, आणि रंग फक्त काहीतरी बिघडलं तरच. मला ते पटतं. पण दादा, तुमची पोरं उद्या ज्या पॅनेलवर बसणार आहेत तिथे जे रंग आहेत तेच तुमच्या मॉडेलला द्या, पटो वा न पटो.

बॉयलर_फर्स्टक्लास · १८ मे, सकाळी ९.४०

ताई बरोबर बोलली. रात्री तीन वाजता माणूस वाचत नाही, ओळखतो.

आणि पोरा, काटा लई चटकन हलतोय का? आमच्या गेजचा काटा जरा मागं राहायचा, आणि थोडा थरथरायचा. तो थरथरायचा थांबला की आम्ही समजायचो नळी तुंबली.

कृष्णाकाठ · २१ मे, रात्री १०.१५

काका, तुमची ही शेवटची ओळ वाचून दुसऱ्या दिवशी तेच केलं. काट्याला थोडा आळस दिला : दर पावलाला काटा नव्या किमतीकडे थोडाच सरकतो, पूर्ण पोचायला दोन-तीन सेकंद घेतो. वर बारीक थरथर. आणि शिकवणाऱ्याच्या पानावर "नळी तुंबली" असा चौथा टॉगल, तो लावला की थरथर थांबते आणि काटा आहे तिथे गोठतो. अलार्म नाही, दिवा नाही.

आज तिघांना बसवलं. रंग आमच्या चालू पॅनेलचेच ठेवलेत. पहिल्या दोघांना गळती दिली. एकाने काट्यावर विश्वास ठेवला आणि सहा मिनिटांत ड्रम रिकामा केला. दुसऱ्याने स्टीम फ्लो आणि फीड फ्लो यांचे काटे एकमेकांशी ताडून बघितले. वाफ ३८ टन जातेय, पाणी २४ टन येतंय आणि लेव्हल वाढतेय, हे कसं, असं स्वतःशीच मोठ्याने म्हणाला आणि गेज ग्लासचं पान उघडलं. थ्री एलिमेंटमध्ये ते तीन काटे शेजारी शेजारी का ठेवतात, हे मी त्याला कधीच इतक्या नीट सांगू शकलो नसतो.

तिसरा सगळ्यात लहान, आयटीआय करून आलेला, फारसा बोलत नाही. त्याला "नळी तुंबली" दिलं. काटा ५२ वर गोठला. तो दीड मिनिट नुसता बघत होता. मग हळूच म्हणाला, "सर, काटा मेलाय." त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्याआधी दोन तास तो बाकीच्यांच्या मागे उभा राहून हलता काटा बघत होता, तेवढंच.

आपले अटेंडंट मामा मागेच बसले होते. उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, आता उद्या मला बसवा.

दोन गोष्टी राहिल्यात. माउसने नॉब फिरवताना हाताला काहीच कळत नाही, म्हणून आर्डुइनोला (छोटा कंट्रोलर बोर्ड) पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर) लावून खरा नॉब करायचा आहे. ० ते १०२३ आकडे येतात पण हात न लावताही एक-दोनने हलतात. तीन-चारपेक्षा कमी बदल सोडून द्यायचा असं करून बघतोय, कुणी केलं असेल तर सांगा. आणि गेजची पाटी, म्हणजे काट्यामागची तबकडी. डॅशबोर्डमधली पाटी फार गुळगुळीत, नवीकोरी आहे. ताईंच्या पायथनच्या कॅन्व्हासवर मागे खरा फोटो टाकता येईल, पण आमच्याकडचे सगळे जुने गेज भंगारात गेले.

बॉयलर_फर्स्टक्लास · २२ मे, सकाळी ६.१०

माझ्याकडं हाय. सहा इंची, पितळी कडेचा, शून्य ते एकवीस केजीचा. रिटायर होताना बदलीत निघाला तो साहेबाला विचारून घरी आणला होता. काच जरा पिवळी पडलीय. गुरुवारी सकाळच्या एसटीनं येतो, गेटवर सांगून ठेव. आणि त्या गप्प पोराला बसवून ठेव, त्याला गेज ग्लास ब्लो करायला मीच शिकवतो.